मांडवाचा खांब

मी काय काम करते हे आमच्या घरात कोणालाच कधी धड कळलं नाही, आणि समजावून सांगायचं मी केव्हाच सोडून दिलं. बाबा लोकांना सांगायचे, "ती पिक्चरमध्ये असते." मग समोरचा माणूस मला वरपासून खालपर्यंत न्याहाळायचा आणि त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसायचं, ही? पिक्चरमध्ये? मी दातओठ खात म्हणायचे, "पिक्चरमध्ये नाही हो, पिक्चरवर. कॉम्प्युटरवर दुरुस्त्या करते." "म्हणजे गॅरेजसारखं?" "हो, तसंच समजा." विषय संपायचा एकदाचा.

नवीन पनवेलला एका फरसाणाच्या दुकानाच्या वर आमचा स्टुडिओ होता. स्टुडिओ आपलं म्हणायचं. दोन खोल्या, भर मे महिन्यात रुसून बसणारा एक एसी, आणि लोडशेडिंग सुरू झालं की एकदम किंचाळायला लागणारे यूपीएस. मुंबईच्या मोठ्या कंपन्यांना जे काम करायचा कंटाळा यायचा ते आमच्याकडे यायचं. हिरोच्या कमरेची वायर पुसा. मागच्या इमारतीवरची पाटी पुसा. कॅमेरा हललाय, तो थांबवा. हे शेवटचं काम बहुतेक वेळा माझ्या गळ्यात पडायचं, कारण त्यात चिकाटी लागते आणि बाकीच्या पोरांना दर पंधरा मिनिटांनी खाली चहाला जायचं असायचं.

हललेलं चित्र थांबवायचं म्हणजे काय, ते सांगते. व्हिडिओ म्हणजे एकामागून एक येणारी चित्रं. त्या चित्रांत अशी एक जागा शोधायची जी खऱ्या जगात हलत नाही. भिंतीतला खिळा, खिडकीचा कोपरा, असं काहीही. तिच्यावर एक छोटा चौकोन ठेवायचा. कॉम्प्युटर प्रत्येक चित्रात तो खिळा शोधत जातो, आणि खिळा जितका डावीकडे गेला असेल तितकं अख्खं चित्र उजवीकडे ढकलतो. शेवटी खिळा जागच्या जागी थांबतो आणि त्याच्याबरोबर भिंत, घर, माणसं सगळी शांत होतात. झोके घेणारा पाळणा हातानं धरावा तसं. फक्त चित्र इकडेतिकडे ढकलल्यामुळे कडेला काळ्या फटी पडतात. मग त्या झाकायला चित्र थोडं मोठं करायचं, आणि कडेला जे काही असेल ते कापलं जातं.

आमचे सर एकच गोष्ट सारखी बजावायचे. "हलत नाही ते धर. हलणारं धरलंस की मेलीस."

माझी मावशी उरणजवळच्या करंज्याला दिलेली. काका गेले तेव्हा माझी मावसबहीण चौथीत होती. त्यानंतर मावशीनं पदर खोचला आणि मासळीच्या धंद्यात पडली. बंदरावर लिलावात माल घ्यायचा, उरणच्या बाजारात नेऊन विकायचा, उरलेला सुकवायचा. बाई गं, काय तो आवाज! लिलावात तिनं तोंड उघडलं की शेजारच्या होडीवरचे खलाशीसुद्धा वळून बघायचे. भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाचा तर ती असा उद्धार करायची, की तो बिचारा गुपचूप तिच्याच भावानं घेऊन जायचा. मी सुट्टीत गेले की मलाही सोडायची नाही. "काय गो, पंख्याखाली बसून पगार घेतेस आनि तोंड असं, सुकत घातलेल्या बोंबलावानी?" मी चिडायचे. मग ती माझ्या ताटात तळलेल्या मांदेलीचा ढीग वाढायची आणि मी गप्प बसायचे.

तर अशी ही बाई. बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा बहिणीनं आधीच सांगून ठेवलं होतं, "आई, कन्यादानाला तूच बसायचंस. बाबा नाहीत म्हणून मी दुसऱ्या कोणाला बसू देणार नाही." माझी आईही म्हणाली, "अगं, तुझी पोर आहे. आम्ही दोघं कशाला?" मावशी म्हणाली, "बसते गो, बसते. जीव नका खाऊ माजा."

आणि ऐन वेळी बाई गायब! भटजी घाई करतायत, मुहूर्त टळतोय, नवऱ्याकडची मंडळी एकमेकांकडे बघतायत. शेवटी कोणीतरी निरोप आणला, "तुमी दोगं बसा, मी चुलीकडं हाय." आई-बाबांना बसावं लागलं. बहीण पाटावर डोळे लाल करून बसली होती. लोकांना वाटलं, पोरीला रडू येतंय. रडू कसलं, ती संतापली होती.

मंगलाष्टकांच्या वेळी मी मांडवात नव्हते. नवरदेवाच्या आत्याबाईंचं बीपी नेमकं तेव्हाच वाढलं आणि मी आतल्या खोलीत त्यांना लिंबूसरबत पाजत बसले होते. एका हातात पेला, एका हातात पुठ्ठ्याचा पंखा. बाहेर काय चाललंय ते फक्त लाउडस्पीकरवरून ऐकू येत होतं.

व्हिडिओवाला नवऱ्याकडचा होता. त्यानं नवऱ्याकडचीच तोंडं टिपली, त्यात त्याची तरी काय चूक. आमच्या बाजूनं कॅमेरा होता तो माझ्या धाकट्या भावाकडे. त्याचा एक दोस्त मस्कतहून आला होता, त्याचा हँडीकॅम मागून आणला होता. बहीण त्याला दादा म्हणते, आणि त्या दिवशी दादाची ऐट काय विचारता! पण कॅसेट टीव्हीला लावून बघायला बसलो तर सगळ्यांना गरगरायला लागलं. कॅमेरा डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे, मध्येच मांडवाचं छत, मध्येच कोणाचे तरी पाय. बाबा म्हणाले, "अरे, भूकंप झाला होता की काय त्या दिवशी?" झालं. तेव्हापासून घरात तिचं नाव भूकंपाची कॅसेट. पाहुणे आले की कोणीतरी म्हणायचंच, "लावू का भूकंप?" भाऊ हसायचा. स्वतःची बाजू मांडायचा स्वभावच नाही त्याचा, लहानपणापासून.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि मावशी गेली. बाजारातून घरी आली, डोक्यावरची पाटी उतरवली, छातीत कळ येते म्हणाली, आणि उरणपर्यंत नेईस्तोवर सगळं आटोपलं होतं. आम्ही पनवेलहून पोचलो तेव्हा तिची ती पाटी अंगणात उपडी घातलेली होती. मला आजही मावशी म्हटलं की आधी ती पाटी दिसते. फार वाईट वाटतं, दुसरं काय सांगू.

दिवसकार्याला फोटो हवा होता. शोध शोध शोधला. मावशीचा एकसुद्धा धड फोटो नव्हता. शेवटी मतदानाच्या ओळखपत्रावरचा मोठा करून आणला. त्यात ती चोरी करताना पकडल्यासारखी दिसते. बहीण त्या फोटोकडे बघून म्हणाली, "ही माझी आई नाही."

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा ती माझ्याकडे आली. ती जुन्या पनवेलला राहते, सासरच्यांचं तिथे किराणा दुकान आहे. कॅसेट एका पिशवीत गुंडाळून आणली होती. म्हणाली, "ताई, मला आईचा एक फोटो काढून दे यातून. लग्नातला, त्या जांभळ्या साडीतला. ती साडी मी घेतली होती तिला. ती आहे यात, मी बघितलंय. खांबाजवळ उभी आहे. पण या दादानं कॅमेरा असा काही हलवलाय की तोंड दिसायच्या आतच गायब होते. साधा कॅमेरा धरता येत नाही माणसाला? माझ्या आईचं एक तोंड घेता आलं नाही त्याला?" आणि मग तिनं दादाचा जो काही उद्धार केला, तो ऐकून मला वाटलं, मावशीच बोलतेय. तोच आवाज, तेच हातवारे. वर्षभर ती त्याच्याशी नीट बोललीही नव्हती. राखीला आली, राखी बांधली, पण मान फिरवून.

मी म्हटलं, "अगं, दोन मिनिटांचं काम आहे हे. आम्ही हेलिकॉप्टरमधून काढलेलं थांबवतो, हे काय घेऊन बसलीस." डोंबलाचं दोन मिनिटांचं!

रविवारी सरांना विचारून मी स्टुडिओत बसले. कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवली. मावशी खरंच होती. मांडवाला पुढच्या बाजूला एक जाडजूड खांब होता, पिवळा-लाल सॅटिन गुंडाळलेला, वर चंदेरी कागदाचं फूल. त्या खांबापाशी जांभळी साडी दिसायची आणि तेवढ्यात कॅमेरा हिसका मारून दुसरीकडे. मला वाटलं, आहे की! आता हिला थांबवते. आणि इतकी वर्षं काम करूनही मी शिकाऊ पोरीसारखी चूक केली. मला मावशी हवी होती, म्हणून मी चौकोन मावशीवरच ठेवला. तिच्या पदराच्या काठावर. कॉम्प्युटरनं दोन-चार चित्रांत पदर धरला, मग पदर नाहीसा झाल्यावर तो चौकोन शेजारच्या बाईच्या कानातल्यावर जाऊन बसला, तिथून भटजींच्या उपरण्यावर. चालवून बघितलं तर अख्खा मांडव गरागरा फिरत होता. नवरानवरी, अंतरपाट, माझे आईबाप, सगळे उडतायत. भूकंप परवडला.

मग सरांचं आठवलं. हलत नाही ते धर. मांडवात न हलणारं एकच होतं, तो खांब. चौकोन उचलून वरच्या चंदेरी फुलावर ठेवला. आणि कडा कापायच्या नाहीत असं ठरवलं, कारण मावशी कडेलाच होती, कापल्या असत्या तर आधी तीच गेली असती. म्हणून चित्र एका मोठ्या काळ्या चौकटीत ठेवलं. आता खांब मध्यभागी जागच्या जागी उभा, आणि कॅमेऱ्याचा चौकोनी तुकडा त्याच्याभोवती काळ्यात इकडून तिकडे सरकतोय.

चालू केलं. पहिल्यांदा काही कळलं नाही. मी परत सुरुवातीपासून लावलं.

भावाचा हात हलत नव्हता. कॅमेऱ्याचा तो चौकोनी तुकडा उगाच भिरभिरत नव्हताच मुळी. तो दर वेळी खांबाच्या एकाच बाजूला यायचा. मावशी उभी होती तिथेच. आणि तो जवळ आला की जांभळी साडी एक पाऊल मागे जायची, खांबाच्या आड. चौकोन बापडा दुसऱ्या बाजूनं यायचा, तर ती इकडून सरकायची. तो कंटाळून नवरानवरीकडे निघाला की अगदी शेवटच्या क्षणी, त्याच्या काठावर, पदर पुन्हा खांबाबाहेर यायचा. तो परत वळला की पदर आत. आतापर्यंत सगळंच हलत असल्यामुळे कोण हलतंय ते कळत नव्हतं. खांब थांबवला आणि उघड झालं. कॅमेरा मावशीला चुकवत नव्हता, मावशी कॅमेऱ्याला चुकवत होती.

आणि दर सावधानला खांबामागून एक हात बाहेर यायचा, अक्षता टाकायचा आणि परत आत जायचा. हातात बांगडी नाही. दर सावधानला. एकदाही चुकला नाही.

मी खुर्चीत बसून ढसाढसा रडले. लिलावात पुरुषांना गप्प करणारी ही बाई, पोटच्या पोरीच्या लग्नात सॅटिन गुंडाळलेल्या खांबामागे लपून उभी होती. कोणी सांगितलं होतं तिला? कोणीच नाही! आम्ही सगळे तर म्हणत होतो, बस, बस. मला तिचा इतका राग आला, की समोर असती तर हात धरून ओढत पाटावर नेऊन बसवलं असतं.

भावाला फोन केला. तो तेव्हा उरणकडे कंटेनरच्या यार्डात कामावर होता, मागे क्रेनचा आवाज येत होता. म्हटलं, "मावशी खांबामागे लपत होती, तुला माहीत होतं?" तो म्हणाला, "मावशीनं मला आधीच बजावलं होतं. म्हणाली, कॅमेरा माज्यावर नको आनू रे. पोरीचं लगीन हाय, चांगल्या दिवसात माजं तोंड कशाला. तिला काढ. मी हाय इथंच. पण मला राहवेना गं. म्हटलं, गुपचूप घेऊ एक. तर ती कॅमेऱ्यापेक्षा चपळ."

"अरे गाढवा, मग हे तिला का नाही सांगितलंस? वर्षभर शिव्या खातोयस तिच्या!"

"सांगून काय करू? आपल्या लग्नात आई खांबामागे लपली होती, हे ऐकायला बरं वाटेल तिला? त्यापेक्षा माझा हात हलला, हे बरं. चिडू दे माझ्यावर. माझं काय जातंय? तू पण नको सांगूस हं, ताई."

मी ठरवलं, नाही सांगायचं. कॅसेट खराब निघाली म्हणायचं. पण मावशीचं तोंड मिळतंय का ते मी तरीही शोधत राहिले. रोज काम संपल्यावर एकेक चित्र बघायचं. एका चित्रात कान आणि अर्धा गाल होता. एकात कपाळ होतं, पण पाणी पडलेल्या शाईसारखं पसरलेलं. कॅमेऱ्यानं घेतलेलं मी सरळ करीन, पुसीन, उजळवीन. पण त्यानं घेतलंच नाही ते मी कुठून आणू? परक्या लोकांच्या पिक्चरमध्ये मी पडलेली घरं उभी केलीत, आणि स्वतःच्या मावशीचं नाकडोळ्यांचं एक तोंड मला जमवता येईना. चिडून चिडून मी माऊस आपटला, तो फुटला. सरांनी दुसरा आणून दिला.

श्राद्धाच्या आदल्या आठवड्यात बहीण रिक्षा करून थेट स्टुडिओत आली. मी तयार ठेवलेलं वाक्य म्हटलं, "अगं, कॅसेटच खराब झालीय." ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. ती मावशीची मुलगी. खोटा भाव सांगणारा माणूस मावशीला लांबून ओळखू यायचा. म्हणाली, "ताई, खुर्ची दे." बसली, पडद्याकडे बोट दाखवून म्हणाली, "लाव."

मी लावलं. दुसरं काय करणार होते? नाही म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती.

पहिल्यांदा तिलाही काही कळलं नाही. "परत लाव," म्हणाली. दुसऱ्यांदा चौकोन खांबाकडे गेला, पदर आत गेला, आणि ती एकदम हसली. "अगं बघ, बघ कशी पळतेय! अशीच पळायची ती, डॉक्टरकडे न्यायला निघालो की." मग पुन्हा पदर बाहेर, पुन्हा आत. तिचं हसू हळूहळू विरलं. सावधान झालं आणि हात बाहेर आला. ती पुढे वाकली.

"हा आईचा हात."

"हो."

"हा थांबव. हाच काढून दे मला. तोंड नाही तर नाही."

मी चित्र थांबवलं, हात मोठा केला. जेवढा मोठा करावा तेवढा तो विरघळत गेला. बोटांच्या जागी नुसते गव्हाळ फराटे, अक्षतांच्या जागी पांढरी धूळ. पुढचं चित्र घेतलं, त्याच्या पुढचं घेतलं. सगळीकडे तेच. म्हटलं, "हे नाही गं होत. खांब उभाच होता म्हणून तो थांबवता आला. हात खरंच हलत होता."

तिनं पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, "दादाला माहीत होतं ना?"

मी मानेनंच हो म्हटलं.

"वर्षभर मला वाटायचं, याच्यामुळे आई दिसत नाही. निदान कोणावर तरी चिडायला होतं. आता मी शिव्या कोणाला घालू, ताई? तिला घालू?"

खाली फरसाणवाल्याकडे गाठ्या तळत होते, त्याचा वास वर आला होता. मी तिला पाणी दिलं. तिनं कॅसेट पिशवीत घातली आणि जाताना एवढंच म्हणाली, "त्याला सांगू नकोस मी बघितलं म्हणून."

म्हणजे आता दोघंही मला सांगू नकोस म्हणत होते.

श्राद्धाला आम्ही सगळे करंज्याला गेलो. मतदानाच्या ओळखपत्रावरचा तोच फोटो, नवीन फ्रेममध्ये. भिंतीवर लावायचं काम भावाकडे आलं. तो स्टुलावर चढला, खिळा ठोकला, फोटो अडकवला, खाली उतरला. फोटो वाकडा लागला होता, चांगला बोटभर. आम्ही सगळ्यांनी बहिणीकडे बघितलं. भाऊसुद्धा हातोडी हातात धरून, खांदे पाडून, बोलणी खायला तयार उभा राहिला.

ती पुढे झाली, त्याच्या हातातली हातोडी काढून घेतली आणि म्हणाली, "बस, दादा. पाणी आणते."

भावानं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. तेव्हा त्याला कळलं, आणि तो तिथेच स्टुलावर बसून लहान पोरासारखा रडायला लागला.